थोरल्या ट्रॅक्टरास कोणी मिस्त्री हात लावीना, त्या मोहिमेची हकीगत

ग्रामदेवतेस नारळ आणि वाचणारांस रामराम करून हकीगत लिहितो ती येणेंप्रमाणे. मोहिमेच्या आरंभी लाभहानीचा आकार मांडावा ही थोरांची रीत, सबब प्रथम तोच मांडितो. अकोले तालुक्यात, राजूरच्या वर डोंगरात करवंददरे म्हणोन गाव, तेथील मातबर भातकरी राजमान्य राजश्री कानिफनाथ दादा यांस या मोहिमेत मिळवावयाचे ते मुलूख नव्हे, खजिना नव्हे, किल्ला तर नव्हेच. मिळवावयाचे इतकेच, की चार शब्द तोंडावाटे बाहेर पडू नयेत. ते शब्द ऐसे: "गोरख, तुझा ट्रॅक्टर दे." इतके पोटात ठेवण्यासाठी दादांनी जो पराक्रम केला, त्याच्या निम्म्या खटाटोपात दुसरा एखादा मनुष्य ते शब्द बोलून, काम उरकून, घरी जाऊन जेवलाही असता. परंतु मग हकीगत कोणाची लिहावी?

गोरख म्हणजे दादांचे चुलतबंधू गोरक्षनाथ. बांधाला बांध लागून जमीन, सबब प्रीती जितकी राहावी तितकीच राहिलेली. गेल्या पाडव्यास गोरक्षनाथांनी नवा करकरीत ट्रॅक्टर आणिला, पूजा केली, पेढे वाटिले, आणि ट्रॅक्टरासोबत कंपनीने नजर केलेली भली मोठी निळी छत्री, जीवर कंपनीचे नाव दुरून वाचता यावे ऐसे, ती ऊन नसता व पाऊस नसता डोक्यावर धरून गावात मिरवू लागले. ते दादांचे नेत्रांस सोसेना. मग पारावर, भर जमावात, दादांनी उद्गार काढिले की आमचे थोरले तुझ्या या पोरास दोरी बांधून ओढून आणतील. त्यावर गोरक्षनाथांनी क्रोध न करिता जबाब दिला तो जसाच्या तसा लिहितो: "दादा, मला कुटं नको म्हनायचंय? चावी दाराच्या खिळ्यालाच आसती. लागंल तवा न्या. फकस्त हितं पारावर न्हाईतर बांदावर, चारचौघांत मागा." ऐसे दादांचे एक वाक्य त्या दिवशी गहाण पडले, आणि सोडवून घेण्याची मुदत कोणी लिहिली नाही.

थोरले म्हणजे दादांचे ट्रॅक्टर. दादांच्या तीर्थरूपांनी आणिले, आणि तीर्थरूप निवर्तल्यावर घरातील वडीलकीचा मान आपसूक त्यांजकडे आला. मूळ रंग कोणता होता येविशी गावात तीन मते आहेत. दिवा एकच, तोही आकाशाकडे पाहणारा. हॉर्न नाही, परंतु थोरले निघाले की शेजारच्या गावास आधी कळते, सबब हॉर्नाची उणीव कोणास भासली नाही. ऐसे असता वैशाखात शेणखत वाहतेवेळी घाटात डिझेलच्या टाकीचे झाकण निखळून दरीत गेले. दुकानी चौकशी केली तों उत्तर आले की त्या जातीचे झाकण आता कोठे घडत नाही. मग दादांनी अक्कलहुशारीने तजवीज केली. बनुबाई, म्हणजे दादांचे कुटुंब आणि घरच्या दौलतीच्या खऱ्या कारभारीण, हापशावर गेल्या ऐसे पाहून दादा स्वयंपाकघरात शिरले, लोणच्याच्या प्लास्टिक बरणीचे लाल झाकण हस्तगत केले, आत सायकलच्या ट्यूबचे रबर दुहेरी बसविले, आणि टाकीवर ऐसे दाबून बसविले की मुंगी शिरेना, वाराही शिरेना. थेंब सांडत नाही हे पाहून दादा बहुत संतोष पावले. इकडे बनुबाईंची बरणी फडक्याने तोंड बांधून फडताळात उभी राहिली, आणि बनुबाई रोज भाकरी थापताना "माझं झाकन" इतकेच म्हणत, आणि दादा तितकेच ऐकत नसत.

पुढे आषाढ लागला. खाचरे पाण्याने भरली, भाताचे रोप वाफ्यात उंच होऊन आवणीस, म्हणजे लावणीस, आले, आणि सावडीची पाळी दादांवर येऊ घातली. सावड म्हणजे गावच्या बायांची फौज. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, ऐशी क्रमाने भात लावीत जाते. ज्याची पाळी त्याने चिखल तयार ठेवावा. न ठेविल्यास फौज पुढे कूच करते ती सर्व गाव फिरूनच माघारी येते, आणि तोवर रोप म्हातारे होऊन वर्षाचा भात हातचा जातो. म्हणोन झाकण बसविल्यापासून उभ्याच असलेल्या थोरल्यांस चिखलणीची लोखंडी पिंजऱ्याची चाके चढवून खाचरात उतरविले. एक पान चघळून होते न होते तों थोरले आचके देऊन उभे राहिले. अंमळ थांबावे, विडी ओढावी, मग चालू व्हावे, आणि पुन्हा एका पानाच्या अवकाशात बसावे. ऐसे जाहल्यावर सगळा दिवस चिखल कमी आणि विड्या फार जाहल्या.

या समयी हकीगत लिहिणार सेवक नृसिंहपंत, निवृत्त मास्तर, याचे एक खाचर दादांकडे वाट्याने असल्याकारणे, मोहिमेत सामील होता. सेवकाने तात्काळ मसलत दिली की डिझेल थंडीने गोठले असावे. त्यावर दादांनी ज्या दृष्टीने सेवकाकडे पाहिले तिचे वर्णन करण्यास ही लेखणी समर्थ नाही, आणि उत्सुकही नाही.

सबब मिस्त्री करावा ठरले. परंतु जुने यंत्र मिस्त्रीकडे आहे तसे नेऊ नये, हा आमच्या डोंगरपट्टीचा कायदा आहे. जुगाड दिसला की मिस्त्री हात आखडतो, म्हणून मालक जुगाड झाकतो, आणि मालक झाकतो हे मिस्त्रीस ठाऊक, म्हणून तो अधिकच आखडतो. दादांनी दुसऱ्या लग्नास उभ्या केलेल्या नवरदेवाप्रमाणे थोरल्यांचा साज केला. अंग धुतले, लोंबत्या वायरी आत कोंबिल्या, सुतळीने बांधिलेले होते ते तारेने बांधिले, पुढे झेंडूचा हार घातला, आणि लाल झाकणावर आहेरात आलेला कोरा टॉवेल गुंडाळून वर गाठ मारिली. सेवकाने पुसले, टॉवेल कशास? दादा म्हणाले, "पंत, समदंच उगडं ठेवायचं आसतं व्हय?" सेवकास हे तत्त्व पटले. ज्या गाठीत सगळा रोग होता ती गाठ सेवकाने स्वतः बोट धरून पक्की करविली, हे लिहून ठेवणे भाग आहे.

मग दरमजल कूच करीत, वाटेत ठिकठिकाणी थोरल्यांच्या मर्जीने मुक्काम करीत, स्वारी राजुरास आसाराम मिस्त्रीच्या दारी दाखल जाहली, आणि थोरले नेमके दारातच बंद पडले. दादांस वाटले की आता रोग वैद्यासमोर आला, काम फत्ते. तों आसाराम मिस्त्री बाहेर आले, थोरल्यांस पाहिले, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक गुंतविले. मग देवळात घालावी तैशी प्रदक्षिणा घातली, हनुवटीने इंजीन दाखविले, भुवईने चाके दाखविली, परंतु हात काही पुढे येईना.

येथे या हातांचा खुलासा केला पाहिजे. आमच्या मुलुखात जुन्या यंत्रास शेवटचा हात ज्याचा लागला, त्याच्या पुढील सर्व रोगांचा धनी तोच, ऐसा पूर्वापार न्याय आहे. आसाराम मिस्त्रींनी एकदा भिडेस पडून एका पाहुण्याच्या जुन्या ट्रॅक्टरास दिवा बसवून दिला. पुढे त्याचा टायर फुटला, तर बोभाटा ऐसा की आसारामने दिवा बसविला तेव्हापासून टायर फुटतो. मग गिअर अडकला तोही आसारामाचे माथी, आणि त्याच घरची म्हैस आटली त्या दिवशीही मिस्त्रींस बोलावणे गेले. नव्या ट्रॅक्टराचे बिघडले तर लोक कंपनीस शिव्या देतात. जुन्याची कंपनी म्हणजे शेवटचा मिस्त्री. तेव्हापासून मिस्त्रींचे हात जुन्या यंत्रासमोर आपोआप मागे जातात.

आसारामाने हुकूम केला, "दादा, टाकीत डिझेल हाय का ते आदी बगा. तुमच्याच हातानं बगा." दादा लगबगीने चढले, पाठ आडवी धरून, टॉवेलासकट झाकण उपसले. तों टाकीतून "सूंऽऽ" ऐसा दीर्घ श्वास घेतल्याचा आवाज आला. दादा म्हणाले डिझेल भरपूर, आणि टॉवेल पुन्हा दाबून बसविला. मग चावी फिरविली, तों थोरले पहिल्या हाकेस उठून उभे राहिले आणि वाघासारखे गुरगुरू लागले.

"चालतंय की," आसाराम म्हणाला.

"आता चालतंय. जरा येळानं बसतंय."

"मंग बसलं म्हंजी घेऊन या."

"बसलेलं घेऊन येऊ कसं, मिस्त्री?"

"त्येच तर," ऐसे बोलून मिस्त्री दुकानात गेले, आणि हात सोडविले ते आत गेल्यावरच.

तेथून कूच करून अकोल्यास भागवतशेठच्या दुकानी गेले. हे दुकान मोठे, तेथे नव्या ट्रॅक्टरास वायर जोडून संगणकास रोग विचारण्याची सोय आहे. परंतु थोरल्यांच्या अंगी वायर जोडावयास भोकच नाही, सबब संगणक मुका राहिला. भागवतशेठांनी हात मागे न नेता खिशात घातले. शहराजवळची रीत, एवढाच फरक. त्यांनी दादांस चहा पाजून आपली कैफियत ऐकविली. ती मोठी खरी होती. "दादा, नवं असलं की सकाळी घेतो, संध्याकाळी देतो. जुन्याचा एक बोल्ट खोलला की चार तुटत्यात. ते चार काढायला गेलं की भोकच मोठं हुतं. आन् आदीच्यांनी आत काय काय घालून ठेवलंय ते खोलल्याबिगर कळत न्हाई. मागं एकाचं खोललं तर आत चपलीचा अंगठा निघाला. आन् मालक मलाच म्हनतो, त्यो अंगठा बदलला म्हनून आता आवाज येतोय." हे सांगून पुसले, तुमच्या थोरल्यांत काही जुगाड आहे काय? दादांनी छातीस हात लावून सांगितले की समदं कंपनीचं हाय. टॉवेल वाऱ्याने हलला. सेवकाने आभाळाकडे पाहिले. पुढे तेथेही तोच विधी जाहला. तुमच्या हाताने टाकी पाहा, ते पाहणे, ते "सूंऽऽ", आणि थोरले चालू. भागवतशेठांनी दोन्ही हात खिशात ठेवूनच निरोप दिला.

तेव्हां सेवकास वाटले की आता आपल्या वशिल्याचे तेज दाखवावे. सेवकाचा भाचा सुहास राहुरीस ट्रॅक्टरांच्या मोठ्या दुकानी हुद्द्यावर आहे. त्यास मोबाईल लावून, मामाच्या अधिकाराने फर्माविले की कारागीर पाठव. सुहास म्हणाला, "मामा, एक जुना आत घेतला की तो पार्टच्या वाटेकडे डोळे लावून महिनाभर जागा अडवतो, आणि नवी गिऱ्हाइकं दारातून परत जातात. तुमच्याकडे तो चालतोय का बंद आहे?" सेवकाने थोरल्यांपुढे मोबाईल धरिला. थोरले त्या क्षणी ऐसे सुरेख चालत होते की दृष्ट काढावी. सुहासने पुसले, "मग तक्रार काय आहे, मामा?" येणेंप्रमाणे सेवकाच्या वशिल्याची मोहीम समाप्त जाहली.

स्वारी शिकस्त खाऊन करवंददऱ्यास परतली. सावडीचा दिवस उजाडला. त्या पहाटे दादांनी गोठ्यात उभे राहून ते चार शब्द म्हशीपुढे हळूच म्हणून पाहिले, तों म्हशीने मान फिरविली. तरी अखेरची लढाई द्यावी म्हणोन दादांनी थोरल्यांस खाचरात घातले. बांधावर सावडीची फौज रोपाच्या मुठी घेऊन उभी. फौजेच्या सरदार राहीबाई. आभाळातून भुरभुर चालूच. आणि पलीकडल्या बांधावर गोरक्षनाथ, निळी छत्री उघडून, मागे नवा ट्रॅक्टर उभा करून, एका वाक्याची वाट पाहत उभे.

एक पान चघळून झाले आणि थोरले बसले. विडी झाली, उठले, पुन्हा बसले. मग राहीबाईंनी निर्वाणीचा हुकूम काढिला. "दादा, आमी बांदावर उभ्यानं काय करावं? फुगड्या घालाव्या का? रोपं हातातच वाळायची. एवढ्यात चिकूल झाला तर झाला, न्हाईतर आमी फुडल्या रानात निगालो." फौजेने पदर खोचिले. वर्षाचा भात एका बाजूस आणि चार शब्द दुसऱ्या बाजूस, ऐसा तराजू उभा राहिला. दादांनी थोरल्यांच्या मस्तकावर हात ठेविला, पलीकडल्या बांधाकडे तोंड केले, आणि अवघ्या करवंददऱ्याच्या देखत बोलू लागले, "गोरख... तुझा..."

इतक्यात बनुबाई आल्या. सावडीस जेवू घालावयाचे, सबब पिठले भाकरी पाटीत भरून, वर वाढावयास म्हणोन लोणच्याच्या बरणीचे फडके सोडिले, तों आत हिरवी बुरशी बोटभर चढलेली पाहिली. पाटी तेथेच ठेविली, बरणी काखेस मारिली, आणि चिखलातून ताडताड चालत थेट थोरल्यांस भिडल्या. दादांचे वाक्य अर्धेच राहिले. बनुबाई बोलल्या, "अहो, कुनाला काय मागायचं ते मागून मागा. आदी माझं झाकन द्या. इस मानसं जेवायला हायेत आन् लोनचं कुत्रं खाईना." उत्तराची वाट न पाहता टॉवेलाची गाठ हिसकली. आहेराचा टॉवेल चिखलात पडला. लाल झाकण दोन्ही हातांनी धरून पिळले, आणि खेचिले. "सूंऽऽऽ" ऐसा आवाज, राजुरास आणि अकोल्यास आला होता त्याहून मोठा, अवघ्या फौजेने ऐकिला. बनुबाई झाकण बरणीस लावून, पदराने पुसून, माघारी वळल्या.

दादांनी काही सुचेना म्हणोन चावी फिरविली. थोरले उठले. एक पान चघळून झाले, दुसरे जाहले, खाचराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिखल खदखदू लागला, आणि थोरले बसेनात. राहीबाईंच्या फौजेने खोचलेले पदर सोडिले. सेवकाने तात्काळ कयास बांधिला की थोरल्यांस मोगऱ्याप्रमाणे बायकांच्या हातचा गुण लागतो. परंतु गोरक्षनाथ पलीकडून न राहवून ओरडले, "दादा, टाकीला श्वासच नव्हता की! माज्या झाकनाला बारीक भोक हाय, ह्ये बगा. वरनं हवा आत गेल्याबिगर डिझेल खाली उतरतंय व्हय? तुमी त्याचं नाक दाबून धरल्तं." गनिमाच्या तोंडून हे ऐकून दादा मनी समजले ते ऐसे. वैशाखापासून आपल्या हाताने ज्याचे नाक दाबिले, त्यास घेऊन आपण वैद्यांची दारे पुजली.

तों नवे संकट उभे राहिले. भुरभुर वाढली, आणि टाकीचे तोंड उघडे. डिझेलात पाणी गेले तर थोरले कायमचेच बसणार. झाकण बनुबाईंकडून परत मागावे, ऐसे धैर्य त्या समयी करवंददऱ्यात कोणाजवळ नव्हते. दादांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. अवघ्या शिवारात पाणी अडवील ऐसी एकच चीज होती, आणि ती कोणाच्या हाती होती ते सर्वांस दिसत होते. मग दादांनी मघाचे अर्धे वाक्य पुन्हा हाती घेतले आणि भर जमावात, सर्वांच्या कानी पडेल ऐसे, पुरे केले. "गोरख, तुझी छत्री दे."

ज्या वाक्यासाठी गोरक्षनाथांनी पाडव्यापासून वाट पाहिली ते आले तर खरे, परंतु आत भलताच माल निघाला. तथापि भाऊबंद आणि गावची रीत, मागणारास नाही कसे म्हणावे? बांधावरून उतरून त्यांनी छत्री आणून दिली. मग सेवक थोरल्यांच्या पंखावर, म्हणजे मागल्या चाकावरील पत्र्यावर, चढून बसला आणि छत्री टाकीवर धरून राहिला. येणेंप्रमाणे जुन्या थोरल्यांचे मस्तकी नव्या कंपनीच्या नावाचे राजछत्र डोलू लागले. दिवेलागणीपूर्वी खाचरे तयार, मागोमाग फौज वाकून लावीत चालली, आणि रोप जमिनीस लागले. या मोहिमेत सेवकाने केलेले उपयोगी काम ते हेच. मसलत न देता गप्प बसून राहणे, आणि काठी सरळ धरणे.

सायंकाळी बांधावर तह जाहला. झाकणाची गोष्ट बाहेर गेली तर दादांची नामुष्की. छत्रीची गेली तर गोरक्षनाथांची, की नवा ट्रॅक्टर रिकामा उभा आणि मालक ओला चिंब. सबब दोघांनी ठरविले की पुसणारांस सांगावे, थोरले आसाराम मिस्त्रीच्या दारातून आणल्यापासून नीट चालतात. टाकीवर आता खिळ्याने भोक पाडलेले दुसरे झाकण बसले, ते बनुबाईंनी आपल्या हाताने दिले, फुटक्या डब्याचे. सावडीच्या बायांस तहात कोणी घेतले नाही, कारण त्यांस पुसावे हे कोणास सुचले नाही. त्या हसल्या आणि घरी गेल्या.

परंतु नाव झाले की झाले. पुढल्या बाजारी राजुरास आसाराम मिस्त्रीने दुकान उघडिले, तों दारापासून वळणापर्यंत जुन्या ट्रॅक्टरांची रांग. कोणी दोर लावून ओढून आणलेले, कोणी ढकलून, सर्वांस हार घातलेले, सर्वांचे काही ना काही टॉवेलाखाली झाकलेले. ज्याने करवंददऱ्याच्या थोरल्यांस बरे केले त्यास आमचे काय अवघड, ऐसे प्रत्येकाचे म्हणणे. आसारामाने सवयीने हात मागे नेले, रांगेकडे पाहिले, आणि गर्दीत कानिफनाथ दादा दिसताच बोलावून घेतले.

"दादा, खरं सांगा. म्या हात तरी लावल्ता का?"

"न्हाई लावला, मिस्त्री. म्हनून तर बरं झालं."

ऐसी ही फत्ते नोंदिली. जमाखर्च येणेंप्रमाणे. कानिफनाथ दादांनी भरिले ते एक वाक्य, दोन शब्द बदलून. गोरक्षनाथांनी भरिली ती एक दिवसाची छत्री, आणि सर्दी. बनुबाईंनी एक बरणी लोणचे. सेवकाने उजवा खांदा, जो अजून वर जात नाही. थोरल्यांनी काही भरिले नाही. उरले ते सगळे आसाराम मिस्त्रीने भरिले, आणि अद्याप भरीत आहे.